मुंबईच्या घरातील टाकीसाठी छोटी मरळ : गाचुआ, अँड्राओ की ब्लेहेरी?

मरळ म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना ताटातला मासा आठवतो. परंतु याच कुळातील वीतभर लांबीच्या काही जाती घरातील काचेच्या टाकीत उत्तम राहतात आणि गेल्या काही वर्षांत मुंबईत त्यांना चांगली मागणी आली आहे. दुकानांत या सर्वांना सरसकट ‘चन्ना’ म्हणतात. अडीच फुटांची टाकी रिकामी ठेवून यांपैकी कोणती जात आणावी, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी येथे चन्ना गाचुआ, चन्ना अँड्राओ आणि चन्ना ब्लेहेरी या तिघींची तुलना केली आहे. निवड रंगावरून न करता आपल्या घरातील मे महिन्याच्या पाण्यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी समोरचा मासा खरोखर कोणता आहे, हे ओळखता आले पाहिजे.

पहिली खात्री करायची ती मासा लहान जातीचाच आहे याची. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत बोटाएवढे पिल्लू पाहून त्याची भावी लांबी सहज कळत नाही. तांबडे अंग आणि बाजूने जाणाऱ्या दोन काळ्या पट्ट्या असलेले देखणे पिल्लू बहुधा चन्ना मायक्रोपेल्टिसचे असते, आणि तो मासा एक मीटरच्याही पुढे वाढतो. बाजूने नारिंगी पट्टी मिरवणारे चन्ना मारुलियसचे पिल्लूही तेवढेच मोठे होते. असे मासे वर्षभरात टाकीत मावेनासे झाले की पवईसारख्या तलावात सोडून दिले जातात. हे मासा आणि तलाव या दोघांवरही अन्याय करणारे आहे. गाचुआ, अँड्राओ आणि ब्लेहेरी मात्र घरच्या टाकीत साधारण बारा ते सतरा सेंटिमीटरपर्यंत थांबतात.

आता या तिघींमधला फरक. सर्वांत विश्वासार्ह खूण पोटाखाली आहे. छातीच्या बाजूंना असलेल्या पंखांच्या, म्हणजे अंसपरांच्या खाली, पोटाच्या कडेला जी छोट्या परांची जोडी असते, तिला श्रोणिपर म्हणतात. गाचुआला हे श्रोणिपर असतात, आखूड असले तरी स्पष्ट दिसतात. ब्लेहेरी आणि अँड्राओ यांना ते मुळीच नसतात. मासा तळाशी टेकलेला असताना ते अंगाखाली दडतात, म्हणून तो हवा घेण्यासाठी वर येईपर्यंत थांबावे आणि समोरच्या काचेतून, डोळ्यांच्या पातळीवर पाहावे. मी स्वतः एकदा एवढी वाट न पाहता ब्लेहेरी म्हणून एक पिल्लू घरी आणले होते. पुढे त्याचे श्रोणिपर लक्षात आले आणि ते चन्ना स्टिवार्टी निघाले, जी जात पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्याला मोठी टाकी द्यावी लागली, आणि तेव्हापासून मी पोट पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

श्रोणिपर नसलेल्या दोघींपैकी ब्लेहेरी ओळखणे तुलनेने सोपे आहे. अंगाच्या मागच्या भागावर आणि परांवर नारिंगी-तांबडे, अनियमित आकाराचे मोठे डाग असतात. याच रंगसंगतीमुळे तिला इंद्रधनुषी चन्ना म्हणतात. ही आसामातील ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली जात असून तिचे शास्त्रीय वर्णन १९९१ साली झाले. अँड्राओच्या अंगावर असे ठसठशीत डाग नसतात आणि निळसर झाक अधिक असते. ती पश्चिम बंगालमधील लेफ्रागुरी या दलदलीतून आली आणि २०१३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ राल्फ ब्रिट्झ यांनी तिचे वर्णन करेपर्यंत व्यापारात ‘लाल चेंग’ अशा नावाने विकली जात होती. गाचुआची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये तिचे वर्णन केले खरे, पण आज या नावाखाली दिसायला एकमेकींसारख्या अनेक जाती दडलेल्या आहेत, असे अभ्यासक मानतात. सह्याद्रीच्या ओढ्यातला मासा आणि बंगालातला मासा रंगाने, आकाराने वेगळा असू शकतो. त्यामुळे मासा कोठून आला, हे विक्रेत्याला जरूर विचारावे आणि वेगवेगळ्या प्रदेशांतील नर-मादी एकत्र ठेवून पैदास करू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांतून मासे पकडून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

उष्म्याचा प्रश्न मुंबईकरांसाठी निर्णायक आहे. ब्लेहेरीच्या मूळ प्रदेशात हिवाळ्यात पाणी बरेच थंड होते, आणि जाणकार पाळणारे तिला वर्षातून काही महिने अठरा-वीस अंशांचे पाणी देतात. आपल्याकडे जानेवारीतही बंद घरातील टाकी एवढी थंड होत नाही, आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावरील घरात पाणी तीस अंशांवर जाते. थंडावा कधीच न मिळालेली ब्लेहेरी खाते, फिरते, पण लवकर थकते आणि पैदाशीला क्वचितच तयार होते. पाणी थंड करणारे यंत्र लावण्याची तयारी नसेल, तर केवळ रंगासाठी ती आणू नये. अँड्राओ उष्णता थोडी अधिक सोसते, तरी हिवाळ्यात तिचा हीटर बंदच असावा. गाचुआ, त्यातही पश्चिम घाटाकडची, आपल्या हवामानाला सर्वांत साजेशी आहे. तिघीही थेट हवेतून श्वास घेतात, म्हणून वीज गेल्यास हवेचा पंप थांबल्याची चिंता नसते. मात्र पाण्यावर चार-पाच बोटे मोकळी जागा आणि घट्ट झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारून जमिनीवर सुकून मरतात.

नर-मादी ओळखण्याच्या बाबतीत तिन्ही जाती सारख्याच चकवतात. आठ-नऊ सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लाला ‘नर’ म्हणून जास्त किंमत सांगितली जात असेल, तर ती देऊ नये. पूर्ण वाढलेल्या नराचे डोके रुंद व जड दिसते, पाठीवरचा पृष्ठपर आणि पोटाखाली मागच्या बाजूचा गुदपर अधिक लांब असतात आणि रंग गडद असतो. मादी वरून पाहिल्यास पोटाकडे फुगीर दिसते. गाचुआत आणखी एक मदत होते: पृष्ठपराच्या मागच्या टोकाला पिल्लांमध्ये जो डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, तो पुष्कळ माद्यांमध्ये मोठेपणीही टिकतो. परंतु दबलेला नरही फिकट पडून मादीसारखा दिसतो, म्हणून एकट्या खुणेवर निर्णय घेऊ नये. खात्रीची जोडी हवी असल्यास पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवावीत, जोडी जमताच बाकीची लगेच काढावीत, कारण त्यानंतर एका रात्रीतही जीवघेणी भांडणे होतात. जमलेल्या गाचुआच्या जोडीत नर अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो. त्या काळात त्याचा घसा सुजल्यासारखा दिसतो आणि तो खाणे सोडतो. हा आजार समजून त्याला औषध देऊ नये.

खाण्यात तिन्ही जातींत फारसा भेद नाही. सर्व मांसाहारी आहेत आणि भूक असो वा नसो, मागत राहतात. गांडुळे, रातकिडे, डासांच्या अळ्या, गोठवलेले ब्लडवर्म (एका चिलटाच्या लाल अळ्या) आणि साल काढलेली ताजी कोळंबी किंवा करंदी आलटून पालटून द्यावी. केवळ कोळंबीवर ठेवू नये. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातील लालसर गांडुळे कडवट स्राव सोडतात, त्यामुळे मासा ती बऱ्याचदा थुंकतो. घरातील झुरळे तर कधीच देऊ नयेत, कारण त्यांच्या अंगावर फवारणीचे विष असू शकते. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची प्रथा मला मान्य नाही: त्यातून परजीवी येतात आणि त्यांच्या मांसातील थायमिनेज हे द्रव्य ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. लहानपणापासून सवय लावली तर गाचुआ तरंगते दाणे लवकर स्वीकारते. जंगलातून आणलेली ब्लेहेरी अनेकदा अडून बसते.

पिल्लांना रोज, तर वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, पोट किंचित भरेल इतकेच द्यावे. गणपतीला आठवडाभर गावी जायचे असेल, तर शेजाऱ्यांना खाणे घालायला सांगू नये. निरोगी प्रौढ मासा तेवढे दिवस सहज काढतो, पण प्रेमाने टाकलेली जास्तीची कोळंबी दोन दिवसांत कुजून सबंध टाकीचे पाणी बिघडवते.