'सिटी ऑफ ड्रीम्स' परत बघितली, ह्या वेळी फक्त प्रिया, सिद्धार्थ आणि सचिनसाठी

पहिल्यांदा ही सिरीज मी २०१९ मध्ये आली तेव्हाच बघितली होती, पुढे काय होतंय ह्या घाईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून. आता पाय मुरगळून दहा दिवस घरात बसायची वेळ आली, आईपण माझ्याकडे राहायला आलेली, आणि तिनेच विचारलं, "अगं ती प्रिया बापटची राजकारणाची सिरीज आहे ना, ती लाव की." तिन्ही सीझन परत लावले. ह्या वेळी स्टोरी माहिती होती त्यामुळे सगळं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांवर राहिलं, आणि जे दिसलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिओहॉटस्टारवर आहे, पहिला सीझन मे २०१९, दुसरा जुलै २०२१, तिसरा मे २०२३. डायरेक्टर नागेश कुकुनूर. मुंबईतलं गायकवाड घराणं, बाप अमेयराव म्हणजे अतुल कुलकर्णी, राजकारणातलं मोठं प्रस्थ, त्याच्यावर हल्ला होतो, तो हॉस्पिटलात पडतो आणि मागे गादी कोणाची ह्यावरून मुलगा आशिष आणि मुलगी पूर्णिमा ह्यांच्यात जुंपते. भाषा हिंदी, पण घर मराठी, त्यामुळे मधेमधे मराठी येत राहतं आणि ते कानाला ओढूनताणून वाटत नाही, कारण बोलणारी माणसं आपलीच आहेत.

आता माणसं कोण ते बघा. पूर्णिमा प्रिया बापट, आशिष सिद्धार्थ चांदेकर, आणि अमेयरावांच्या बरोबरीने राजकारणात मुरलेला जगदीश म्हणजे सचिन पिळगांवकर. तिघंही असे की नाव घेतलं की आपल्याकडे कोणीतरी म्हणणारच, "किती गोड आहे ना!" तीन वेगळ्या वयाचे, तीन वेगळ्या काळातले गोड चेहरे एकाच घराच्या भानगडीत आणून सोडलेत, आणि मला वाटतं पूर्ण सिरीजमधलं सगळ्यात हुशार काम हे कास्टिंगचंच आहे.

प्रियापासून सुरू करते कारण आम्ही तिच्यासाठीच लावली होती. आमच्या घरात प्रिया म्हणजे 'टाईम प्लीज' (२०१३). नवीन लग्न झालेली, बडबडी, रुसणारी, उमेश कामतला नाचवणारी. त्याच्या पुढच्या वर्षी 'हॅपी जर्नी', त्यात ती मेलेली बहीण असून भावाला जगायला शिकवते, रंगीबेरंगी कपडे, डोळे मोठे करून बोलणं. 'वजनदार'मध्ये तर वजन वाढवून काम केलं होतं आणि तरीही लोक काय म्हणाले तर जाड झाली तरी क्यूटच दिसते! म्हणजे पोरीने काहीही केलं तरी आपण तिला एकच सर्टिफिकेट देणार.

आणि तीच इथे पूर्णिमा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलेलं की तिने जुनी प्रिया पूर्ण पुसून टाकलीये, म्हणून ती भारी वाटते. परत बघताना कळलं की असं नाहीये, तिने काहीच पुसलेलं नाही. तो मऊ आवाज आहे, ते हसू आहे, मान जरा तिरकी करून समोरच्याचं ऐकून घेणं आहे, फक्त आता त्याच्या मागे हिशोब चाललाय. पूर्णिमा ही घरातली अशी मुलगी आहे की जिला वर्षानुवर्षं कोणी सिरीयसली घेतलेलंच नाही, बापाने पण नाही, पार्टीतल्या लोकांनी पण नाही. तिला सगळे "बेटा, तू घर बघ" ह्या नजरेने बघतात. आता ह्या रोलला पहिल्यापासून करारी दिसणारी, भुवया चढवलेली कोणी घेतली असती तर ते लोक मूर्ख वाटले असते. प्रियाला बघून मात्र आपणही तीच चूक करतो, आपल्यालाही वाटतं ही काय करणार, आणि मग ती करते. आपला तिच्याबद्दलचा गोड समज हाच त्या स्क्रिप्टचा अर्धा भाग आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये ती मुख्यमंत्री आहे आणि समोर बाप. इथे मला तिचं काम सगळ्यात जास्त आवडलं. साडी, खांदे सरळ, बोलण्याच्या आधी एक सेकंद थांबणं, आवाज वर न नेता खाली आणणं. 'हॅपी जर्नी'त हेच दोघं, अतुल कुलकर्णी भाऊ आणि प्रिया बहीण, गाडी घेऊन फिरत होते, आणि इथे बाप-मुलगी होऊन एकमेकांचं राजकारण संपवायला निघालेत. ज्यांनी 'हॅपी जर्नी' बघितलाय त्यांना हे बघताना पोटात काहीतरी होणार. अतुल कुलकर्णीबद्दल मी फार लिहीत नाहीये, तो माणूस भारी आहे हे सगळ्यांना कधीपासूनच माहिती आहे. पण त्याच्यासमोर उभं राहून सीन हातातून न जाऊ देणं ही सोपी गोष्ट नाही, आणि प्रिया जाऊ देत नाही. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती आतून कोसळलेली आहे, का ते सांगत नाही, पण तिथे तो चेहरा बघून आई एकदम गप्प झाली आणि हातातली भाजी निवडायची थांबली.

एक गोष्ट आठवते म्हणून लिहितेच. पहिला सीझन आला तेव्हा त्यातला एक किसिंग सीन कापून सगळीकडे फिरत होता, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पण आलेला. पूर्णिमाचं एका बाईवर प्रेम होतं, त्या नात्यातला तो सीन आहे, स्टोरीत त्याला वजन आहे, तिच्यापासून काय काय हिसकावून घेतलं गेलं ते त्यातून कळतं. पण लोकांनी सिरीज न बघता तेवढा तुकडा बघून "हिच्याकडून अपेक्षा नव्हती" वगैरे लिहिलं. मला तेव्हा पण राग आलेला आणि आता परत आला. अपेक्षा कोणाची, कसली? दहा एपिसोडभर ती बाई जीव ओतून काम करतेय आणि आपण चर्चा करतोय काही सेकंदांची. क्यूट म्हणून डोक्यावर घेतलेल्या मुलीला आपण मोठं व्हायची परवानगी पण देत नाही, तिने आपल्याला विचारून वाढायचं असं काहीतरी चालू असतं.

सिद्धार्थ. 'अग्निहोत्र'पासून हा मुलगा आईचा लाडका आहे. 'क्लासमेट्स' झालं, 'गुलाबजाम'मध्ये लंडनची नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला येणारा, 'झिम्मा'त बायकांच्या ट्रिपचा टूर मॅनेजर, म्हणजे जावई असावा तर असा. आणि इथे आशिष गायकवाड, नशा, शिवीगाळ, बायकोशी वागणं ते असं की आई दुसऱ्याच एपिसोडला म्हणाली, "शी, ह्याला कशाला असा रोल दिला?" मी म्हटलं आई थांब जरा. कारण सिद्धार्थने त्याला नुसता व्हिलन केलेला नाहीये. आशिषला बापाची शाबासकी हवीये आणि ती कधीच मिळणार नाही हे त्याला माहितीये, आणि तो चिडतो तेव्हा एका क्षणापुरता त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलगा येऊन जातो. तो लहान मुलगा दाखवायला सिद्धार्थचा तोच गोड चेहरा कामाला आला. चौथ्या-पाचव्या एपिसोडपर्यंत आईला त्याची कीव यायला लागली होती. काही ठिकाणी तो ओरडण्याचं प्रमाण जास्त ठेवतो, एक-दोन सीन कमी आवाजात जास्त लागले असते असं मला वाटलं, पण ओव्हरऑल मला पटला.

आणि सचिन. इथे मी जरा जास्त लिहिणार. सचिन पिळगांवकर हा माणूस लहानपणापासून आपल्यासमोर आहे, 'हा माझा मार्ग एकला'मधलं ते पोर, मग हिंदीत 'गीत गाता चल' (१९७५), 'अखियों के झरोखों से' (१९७८), 'नदिया के पार' (१९८२), तो सोज्ज्वळ, घरचं वळण असलेला हिरो. 'नदिया के पार'मधला चंदन तर आईच्या पिढीचा जीव की प्राण. पुढे 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), तीत साडी नेसून सुधा झालेला सचिन महाराष्ट्रात प्रत्येक घराला पाठ आहे. एवढी वर्षं एकच गोडवा इतका चिकटला की त्याच्यातला नट वेगळा बघायचं आपण सोडूनच दिलं होतं. मला स्वतःला पहिला धक्का 'कट्यार काळजात घुसली'च्या (२०१५) खाँसाहेबांनी दिला, तो अहंकार, ती जळफळाट, आणि तरीही गाण्यावरचं प्रेम खरं. तेव्हाच वाटलेलं की हे आधी का नाही दिलं कोणी ह्यांना.

जगदीश खाँसाहेबांपेक्षा वेगळा आहे. तो कधी भडकत नाही. तो नम्र आहे, हसतमुख आहे, नीट शब्द वापरतो, आणि तुम्हाला कळत नाही की हा माणूस आत्ता कोणाच्या बाजूने आहे. सचिनचा तो अदबशीर, शब्द न् शब्द घोळवून बोलायचा स्वभाव इथे अंगावर येतो. तेच हसू, जे आपण इतकी वर्षं गोड म्हणून बघितलं, आणि आता ते हसू दिसलं की पोटात गोळा येतो. आई "चंदन असा कसा झाला गं" म्हणाली आणि पुढचा पूर्ण एपिसोड तिने फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवलं, इतर कोणी बोलत असताना पण.

कुकुनूरचं एक मला मान्य करावं लागेल की त्याला मराठी नटांची नजर आहे. 'इक्बाल' (२००५) त्याचाच, आणि श्रेयस तळपदेला त्याने एकही शब्द न बोलता पूर्ण सिनेमा पेलायला दिला होता. पुढे श्रेयसकडे एकामागून एक कॉमेडी आल्या, 'गोलमाल', 'हाऊसफुल' वगैरे, आणि 'इक्बाल'सारखा रोल त्याच्या वाट्याला परत फार आला नाही. म्हणजे कधीकधी उलटंही होतं, टॅलेंट आधी दिसतं आणि इमेज नंतर येऊन बसते. ते आठवलं की मला जास्त वाईट वाटतं.

आता सिरीजमध्ये काय नाही आवडलं. पहिल्या सीझनमध्ये गौतम आणि कतरिनाचा ट्रॅक आहे, तो लांबतो, गायकवाडांच्या घरातून कॅमेरा तिकडे गेला की आम्ही चहा टाकायला उठायचो. तिसऱ्या सीझनमध्ये पहिल्या दोनची धार नाहीये, राजकारणाचे डाव ओळखता येतात. काही योगायोग फारच सोयीचे. आणि शिव्या, हिंसा, बेडसीन सगळं आहे, त्यामुळे लहान मुलं घरात असतील तर रात्री लावा. आईबरोबर बघताना मला सुरुवातीला अवघड वाटत होतं पण आईला काहीच वाटलं नाही, तिने दोन वेळा फक्त "पुढे कर" म्हटलं. एजाज खानचा वसीम खान, पोलीस ऑफिसर, तो मला आवडला, शांत आणि थकलेला, पूर्णिमाबरोबरचे त्याचे सीन चांगले जमलेत.

एक सूचना. ही मोबाईलवर प्रवासात बघू नका. मी पहिल्या वेळी अर्धी लोकलमध्ये बघितली होती, इयरफोनमधून डायलॉग कळतात पण चेहऱ्यावरचं काहीच हाती लागत नाही, आणि ह्या तिघांचं काम सगळं चेहऱ्यावर आहे. टीव्हीवर, शांतपणे, दिवसाला दोन एपिसोड. आमचं नेट मधेच अडकायचं तेव्हा आई त्या थांबलेल्या फ्रेमकडे बघत बसायची, आणि एकदा म्हणाली की हिचे डोळे बघ, ही हसतेय पण डोळे हसत नाहीयेत. अशा थांबलेल्या फ्रेममध्ये खरंच कळतं.

संपल्यावर आम्ही 'काकस्पर्श' लावला, २०१२चा, महेश मांजरेकरांचा. कारण आईचं म्हणणं की प्रिया आत्ता बदलली, आणि मला दाखवायचं होतं की नाही. कोकणातलं ते घर, सचिन खेडेकरचा हरी, आणि उमा झालेली प्रिया, स्पर्शाविना आयुष्य काढणारी बाई, विशीतल्या मुलीने केलेली. ती 'टाईम प्लीज'च्या आधीची आहे! म्हणजे आपण हे काम बघितलं होतं, रडलो पण होतो, आणि तरी पुढच्या वर्षी बडबडी बायको बघून परत क्यूटच्या खणात टाकून मोकळे झालो. मराठीत ह्या तिघांना रोल मिळाले नाहीत ही तक्रार मी आधी खूप वेळा केलीये, ती आता अर्धीच करेन. 'काकस्पर्श' मराठीच, 'गुलाबजाम' मराठीच, 'कट्यार' मराठीच. रोल होते, आपण लक्षात काय ठेवलं ते बघायला पाहिजे.

पहिला सीझन साडेचार स्टार, दुसरा चार, तिसरा तीन. पूर्ण वेळ नसेल तर पहिले दोन बघा. आणि प्रियाला हलकंफुलकं परत बघायचं असेल तर सोनीलिव्हवर 'रात जवान है' आहे, त्यात ती लहान बाळाची आई आहे, दमलेली, मजेशीर, आम्ही कालच तिचा पहिला एपिसोड लावला.