माळ दाखवला एक, खरेदीखत झालं दुसऱ्याच गटाचं

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात गवताचा माळ विकत घ्यायच्या विचारात असाल, तर आमचं काय झालं ते आधी वाचा. शेळ्यांसाठी दोन एकर घ्यायचं आमचं ठरलं होतं. एजंटने पावसाळ्यानंतर नेलं. पवन्या गवत गुडघ्याला लागत होतं, मधेमधे मारवेल गवत. चुना फासलेले दगड आधीच रोवून ठेवलेले. "त्या बाभळीपासून या दगडापर्यंत आपलं," म्हणाला. सातबारा डिजिटल सहीचा, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन, इतर हक्कात कर्जाचा बोजा नाही. मूळ मालक स्वतः दुय्यम निबंधकाकडे आला, खरेदीखताची रीतसर नोंदणी झाली, आमचं नाव लावणारा फेरफारही मंजूर झाला. कागद सगळे खरे होते. खोटी होती ती दाखवलेली जागा.

तारेचं कुंपण घालायला घेतलं तेव्हा मेंढरं घेऊन आलेले एक आजोबा थांबले. "ताई, हितं तार कशापायी? ह्ये गायरान हाय." आम्ही भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला. मोजणीदाराने खुणा करून दिल्या आणि सगळं उघडं पडलं. आमचा गट, म्हणजे कागदावरचा जमिनीचा तुकडा, ओढ्याच्या पलीकडे, मुरमाड उताराचा, त्यातला बराचसा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. आम्ही ज्यावर उभे होतो ते सरकारी गायरान.

गायरान म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 22 खाली गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन. ती खाजगी व्यवहारात कुणालाही विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये अशा सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. म्हणजे पैसे मोजून वर अतिक्रमणदार आम्हीच ठरलो असतो. तार त्याच आठवड्यात काढली.

एजंटला गाठलं तर त्याने आणखी पैसे मागितले. "पडीकच तर आहे, कोण विचारतंय? एक-ई ला नाव लावून देतो, पुढं कायम होईल." हे मात्र प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. गाव नमुना 1-ई ही अतिक्रमणांची नोंदवही आहे. तिच्यात नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही, उलट तुम्ही अतिक्रमण केल्याची नोंद होते. आणि त्या माळाला पडीक म्हणणं मला सहन होत नाही. गावची गुरं त्यावर जगतात, धनगरांचे वाडे तिथे उतरतात. ज्याला नांगर लागलेला नाही ते ओसाड, ही समजूतच असल्या लोकांचं भांडवल आहे.

शेताला बांध असतो, पीक असतं, शेजारी असतो. मोकळ्या माळावर गट कुठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही लबाडी तिथे खपते. आमच्या खरेदीखतात चतुःसीमेला, म्हणजे चारी बाजूंना काय आहे तिथे, नुसते गट नंबर टाकले होते, ओढ्याचा उल्लेख मुद्दाम गाळलेला. चतुःसीमेत ओढा, रस्ता, पाझर तलाव नावानिशी लिहून घ्या. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर गट आणि त्याच्या शेजारचे गट बघा, शेजारच्या गटाचाही सातबारा काढा. मोजणी मालकाच्या अर्जावर होते, तेव्हा विसार देण्याआधी त्यालाच मोजणी करून द्यायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

मालक म्हणतो, माझी जमीन मी विकली, यात फसवणूक कुठली? पोलीस ठाण्यात आधी "दिवाणी बाब आहे" असंच ऐकवलं. आमच्या हाती एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं लोकेशन आणि "हा आपला प्लॉट" लिहिलेले फोटो होते. त्यावरून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार घेतली गेली. खरेदीखत रद्द करण्याचा दावाही लावला आहे. त्याला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं. त्याच माळावर अजून चुन्याचे दगड दिसतात, म्हणजे घेणारे आम्ही एकटे नाही. ज्यांनी घेतलंय त्यांनी मोजणीचा अर्ज आताच टाका, आणि एजंटचा एकही मेसेज पुसू नका.