खरवडणी की गरम पाण्याचा प्रेशर वॉशर?
हॉटेल-किचनच्या एक्झॉस्ट सफाईचा, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा हूड आणि तो बाहेर नेणारा डक्ट यांतली चरबी काढायचा धंदा सुरू करताना पहिले पैसे कशात घालावेत?

खरवडणी, ब्रश आणि डीग्रीझर (चरबी सोडवणारं रसायन) एवढ्यावर काम सुरू होतं. भांडवल थोडं. आडव्या डक्टमध्ये तर हीच पद्धत बरी, कारण तिथे पाणी साचतं आणि सांध्यातून खालच्या फॉल्स सीलिंगवर ठिबकत राहतं. मनगटं मात्र भरून येतात, आणि रात्र पुरत नाही.

प्रेशर वॉशर उभ्या डक्टमधला चिकटा भराभर उतरवतो. पण आधी हूडभोवती प्लास्टिक लावून त्याचं नरसाळं बादलीत सोडायचं, शेगड्या नि वायरी झाकायच्या, यातच बराच वेळ जातो. स्वस्त पडतं म्हणून गार पाण्याचं मशीन घेऊ नका. थिजलेली चरबी त्याला दाद देत नाही.

(कॉस्टिक सोड्याचं डीग्रीझर हूडमधल्या ॲल्युमिनियमच्या फिल्टरवर मारू नका, काळे पडतात.)

मी म्हणेन, आधी खरवडणीच. चरबी कुठल्या वळणात दडते, पंखा कसा उचलायचा, हे हात घातल्याशिवाय कळत नाही. एनएफपीए ९६ या अमेरिकी मानकात लाकूड-कोळशावरच्या किचनची तपासणी दर महिन्याला सांगितली आहे, भरपूर स्वयंपाक चालणाऱ्यांची दर ३ महिन्यांनी. अशी पुन्हा पुन्हा काम देणारी चार-पाच गिऱ्हाइकं बांधली गेली, की मशीन घ्या.