मनोऱ्याची दुरुस्ती : सिमेंट की चुना?

देवस्थानच्या बैठकीत दोन कोटेशनं समोर आली की नजर आधी रकमेवर जाते. सिमेंटचं कोटेशन कमी, मुदतही कमी. तरीही आपल्या काळ्या दगडाच्या मनोऱ्याला मी चुनाच सुचवेन.

कारण दगडातच आहे. कोल्हापुरातल्या भवानी मंडपाचा नगारखाना घ्या, नाहीतर १८८४ मध्ये पुरा झालेला नवा राजवाडा; दगड हाच. आपला हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे सोडतही नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून. जुन्या जाड भिंतीला दोन्ही अंगांनी घडीव दगड आणि मधे चुना-डबराचा गाभा असतो. गच्चीवरून, पिंपळाच्या मुळांच्या वाटेनं पाणी त्या गाभ्यात उतरतं. दर्जा सिमेंटनं भरल्या की त्याची बाहेर पडायची वाट बंद.

सिमेंटनं भरलेल्या अशाच एका भिंतीवर परांचीवरून मी हातोडी वाजवली होती. आवाज पोकळ. एक दगड हलवून काढला, तर आतला चुना ओल्या वाळूसारखा मुठीत आला. सिमेंटची दर्ज मात्र धडधाकट. खालून बघणाऱ्याला भिंत नवीच वाटत होती.

सिमेंट लवकर घट्ट होतं, गवंडी कुठंही मिळतो, हे खरं. चुना मुरवावा लागतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश कडक होतो, वर गोणपाट ओलं ठेवावं लागतं. म्हणून काम दसऱ्यानंतर काढा आणि वळवाच्या आधी आटपा. चुन्यात मिसळायच्या गूळ-हिरड्याचं प्रमाण नमुने करून ठरवा, ऐकीव नको.

दगड जखडायच्या सळ्यांबाबत दुमत नको : स्टेनलेस स्टीलच. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि संगमरवर फुटला. आता तिथं टायटॅनियम घालतात.

मनोरा राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दर्जही उकरू नका.

आणि कोटेशनवर सही करण्याआधी प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे; मग चुनाही टिकणार नाही, आधी पाया आणि भोवतालचं पाणी बघावं लागेल.