भिवापूर रस्त्यावरची पाच वाट्यांची थाळी

उमरेडहून भिवापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच एक टिनाच्या छपराचं हॉटेल आहे. तर्री-पोहे, आलूबोंडे तिथे आधीपासून मिळतात. आता पाच देशोदेशीच्या डिपची, म्हणजे भाकर-रोटी बुडवून खायच्या चटण्यांची, थाळी सुरू झाली आहे, 180 रुपयांना. चालवणारे दोघं नवरा-बायको आहेत आणि वाटणघाटण सगळं ताईंच्या हातचं.

हरिसाचं आधी सांगते, कारण पैसे वसूल होतात ते तिच्यातच. हरिसा म्हणजे ट्युनिशियाची लाल मिरचीची चटणी. वाळलेल्या मिरच्यांच्या बिया काढून त्या भिजवायच्या, लसण, धणे, शहाजिरं आणि मीठ घालून वाटायच्या, वरून ऑलिव्ह तेल. 2022 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथे मिरची भिवापुरीच वापरतात, भौगोलिक मानांकनवाली. आमच्या वावरात हीच मिरची होते, त्यामुळे वाटी समोर येताच रंगावरून ओळखली. मिक्सरमध्ये फिरवलेली नाही, पाट्यावर वाटलेली आहे. मिरचीचं साल जिभेवर किंचित रवाळ लागतं, लसण दाताखाली येत नाही पण त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत टिकतो. ऑलिव्ह तेलाऐवजी ताई जवसाचं तेल सोडतात. त्याची जराशी कडवट चव येते, मला ती फार आवडली. मिरची मूळची अमेरिकेची, 1492 नंतर समुद्र ओलांडून इकडे आली. त्याआधी ट्युनिशियातही ती नव्हती आणि आमच्याकडेही नव्हती, हे खाताना खरंच वाटत नाही.

बाबा गनूश म्हणजे लेबनॉन-सीरियाकडचं वांग्याचं भरीत. त्यात ताहिनी पडते, म्हणजे सोललेल्या तिळाचं पातळ वाटण, शिवाय लिंबू आणि लसण. आपण भरतात कांद्याची पात, हिरवी मिरची, सांभार (कोथिंबीर) घालतो, तीळ कधी घालत नाही. इथे वांगं तुराट्यांच्या जाळावर भाजतात, गॅसवर नाही. साल पूर्ण काळं पडून वांगं आत बसेपर्यंत ताई घाई करत नाहीत, म्हणून गराला धूर चांगला लागतो. सासूबाई बाहेरचं सहसा खात नाहीत. त्यांनी ही वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, ''सूनबाई, आपल्या भरतातही थोडा तीळ टाकून पाहू.''

हमस, म्हणजे काबुली हरभऱ्याचं ताहिनी घालून केलेलं वाटण, मात्र अजून जमलेलं नाही. काबुली हरभरा रात्रभर भिजवून, सोडा टाकून बोटाने चिरडेल इतका शिजवावा लागतो. इथला दाणा कच्चट राहिला होता आणि ताहिनीत हात आखडता घेतला होता. हरभरा गरम असतानाच वाटला आणि ताहिनी वाढवून थोडं बर्फाचं पाणी घालत फेटला, तर तो पांढरा आणि हलका होईल. ताईंना मी तसं सांगितलं, त्यांनी मनावर घेतलं.

ग्रीसच्या झाझिकीत काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळायची असते, दहीही चक्क्यासारखं हवं. इथे पिळलेली नव्हती, त्यामुळे पातळ कोशिंबीर झाली होती. ग्वाकामोले म्हणजे मेक्सिकोची अवोकॅडोची चटणी, तिची वाटी काळपट आली. अवोकॅडो लांबून येतो, पिकायचा भरवसा नाही, कापला की लगेच काळा पडतो. ही वाटी बंद करून तिथे फल्लीदाण्यांचा (शेंगदाण्यांचा) इंडोनेशियाचा साते सॉस ठेवावा असं माझं मत आहे. फल्ली इथे चांगली मिळते आणि पाटा तर आहेच.

सोबत मैद्याचा पिटा, म्हणजे अरबांकडची रोटी, देतात, तो चिवट आहे. त्याऐवजी ज्वारीची भाकर मागा, जास्तीचे पैसे घेत नाहीत. बाजाराच्या दिवशी गर्दी फार असते आणि बाबा गनूश दुपारपर्यंत संपतं. हरिसा वजनावर विकत देतात, पण डबा आपला न्यावा लागतो. घरी आणल्यावर वर बोटभर तेल राहू द्या आणि कोरड्या चमच्यानेच काढा.