हरणासाठी हलकी ठासणीची बंदूक: वुल्फ, अक्युरा की पर्स्यूट?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायला वेगळे दिवस राखलेले असतात, आणि त्या दिवसांत रानात गर्दी कमी असते. त्यासाठी पहिली बंदूक घेणाऱ्याला हलकी आणि बिजागरीवर मोडून उघडणारी हवी असेल, तर तीन नावं बघण्यासारखी आहेत: सीव्हीएची वुल्फ, त्याच कंपनीची अक्युरा एमआर आणि ट्रॅडिशन्सची पर्स्यूट जी४ अल्ट्रालाइट. मॉडेलं बदलत राहतात, त्यामुळे दुकानात यांच्या पुढच्या आवृत्त्याही दिसतील. तिन्ही .५० कॅलिबरच्या, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं, आणि तिन्हींना शॉटगनचा २०९ प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) लागतो. नळीतले आटेही सारखेच, २८ इंचांत एक फेरा.

वजन मात्र वेगळं. पर्स्यूट ५.१५ पौंडांची, वुल्फ सव्वासहाच्या आसपास, अक्युरा एमआर किंचित जास्त. दुकानात हातात धरल्यावर पर्स्यूटच आवडते, ते साहजिक आहे. पण तोच बार पर्स्यूटमधून काढला तर खांद्याला वुल्फपेक्षा वीस-एक टक्के जास्त धक्का बसतो. दिवसभर डोंगर चढणार असाल तर तो सोसावा. मचाणावर बसून राहणाऱ्याने एका पौंडासाठी खांदा का शेकून घ्यावा?

वुल्फची नळी २४ इंचांची आणि साधी, दस्ता प्लास्टिकचा. नेम शिकायला एवढी पुरे. अक्युरा जवळपास दुप्पट महाग. त्या पैशात बर्गारा कंपनीची २५ इंची स्टेनलेस नळी आणि तिच्यावर गंज रोखणारा नायट्राइडचा थर मिळतो. पावसात-बर्फात भिजल्यावर आणि रात्री सफाईचा कंटाळा केल्यावर त्या थराची किंमत कळते. आळशी माणसाने अक्युराच घ्यावी. सफाई नेमाने करणाऱ्याला वुल्फ बास, उरलेल्या पैशांत बंदुकीची चांगली दारू आणि सरावाच्या गोळ्या येतात.

माझ्या मते बंदुकीपेक्षा दारूच्या निवडीवर जास्त डोकं चालवावं. पेलेट, म्हणजे दारूच्या तयार वड्या, सोपे: ५० ग्रेनचे दोन टाकले की काम झालं. तिसरा टाकून १५० ग्रेन करायचा मोह हलक्या बंदुकीत तरी टाळा. हरणासाठी १०० ग्रेन भरपूर होतात, आणि २४ इंची नळीत वरच्या दारूतून वेगापेक्षा धूर नि धक्काच जास्त पदरात पडतो. ट्रिपल सेव्हन नावाची दारू जुन्या काळ्या दारूपेक्षा जोरकस असते, म्हणून सुटी वापरताना मापात साधारण १५ टक्के कमी घ्यावी. शिवाय तळाशी कडक कडं धरतं, दर बारानंतर ओला बोळा फिरवावा लागतो. ब्लॅकहॉर्न २०९ ही दुसरी दारू त्यामानाने स्वच्छ, ओल धरत नाही, पण महाग. सीव्हीएत ती वापरायची तर तिच्यासाठीचा वेगळा ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचं बूच) घ्या, नाहीतर बार उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही. दारूचे हे ग्रेन मापाच्या भांड्यातले असतात, काट्यावरच्या वजनाचे नव्हेत. आणि धूर न करणारी रायफलची दारू यांत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते.

ठासताना आधी गज आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करा. मग नुसता एक प्रायमर उडवा, म्हणजे प्लगमधलं तेल जळून वाट मोकळी होते. दारू मापातूनच ओता, डब्यातून थेट नको. नळीत एखादी ठिणगी जिवंत असली तर डबाच पेटेल. मग गोळी दाबून दारूला टेकेपर्यंत खाली न्या. गजावर रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची एक अशा दोन खुणा करून ठेवा. भरलेली खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर गोळी वर अडकली आहे आणि तसा बार काढला तर नळी फुगू शकते. प्रायमर लावायचा तो तुम्ही शिकारीच्या जागेवर जाऊन बसल्यावर. बार पेटला नाही तर मिनिटभर नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवा, लगेच उघडून बघू नका.

गोळ्यांत पॉवरबेल्ट नावाची गोळी नळीत सहज उतरते. सॅबोटमधली (प्लास्टिकच्या वेष्टनातली) २५० ग्रेन वजनाची गोळी ठासायला जोर लागतो, पण बहुतेक नळ्यांतून ती नेमकी जाते. दोन्हींचं एकेक पाकीट आणून कागदावर बघणं उत्तम.

पैसे मोजण्याआधी राज्याचे नियम वाचा. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात दुर्बीण, पेलेट आणि सॅबोट तिन्ही चालत नाहीत. तिथे सुटी दारू आणि उघडा नेमच लागतो. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या मोसमात या बंदुका चालतात, नाताळनंतरच्या मोसमात मात्र फक्त चकमकीची. न्यू जर्सीत ठासणीची बंदूक घ्यायलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, त्यामुळे तिथल्या एडिसनकरांनी अर्ज आधी करावा आणि दुकानात नंतर जावं.