आमदाराकडे काम नेण्याच्या वाटा: कोणती वापरावी, कोणती सोडावी

निवेदन देतानाचा फोटो ही आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी उपयोगाची सेवा. कागदाचं एक टोक आपल्या हातात, दुसरं आमदारसाहेबांच्या. संध्याकाळी फोटो ग्रुपवर आणि कागद पीएच्या गठ्ठ्यात. त्या कागदाची शेवटची ओळ बहुधा 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' अशी असते. योग्य ती म्हणजे कोणती, हे देणाऱ्याने लिहिलेलं नसतं आणि घेणाऱ्याला शोधायला वेळ नसतो. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांच्या हातात जी संसदीय आयुधं आहेत, त्यांपैकी सामान्य माणसाला कोणती खरंच उपयोगी पडतात, याचं हे परीक्षण.

आधी जनसंपर्क कार्यालय. इथे खरा वाचक आमदार नसतो, स्वीय सहायक असतो. कागद एक पानाचा, एकाच विषयाचा हवा. वर विषय, मग कोणत्या खात्याकडे काम अडलंय, फाइल किंवा आवक क्रमांक, आणि शेवटी नेमकी मागणी: अमुक अधिकाऱ्याला पत्र, की सभागृहात प्रश्न, की निधी. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रेशन कार्ड, वीजजोडणी, दाखला अशा एकेकट्या कामांसाठी ही सेवा बरी आहे, पण त्याआधी आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकलेली असावी, किंवा लोकशाही दिनात (जिल्हा पातळीवर महिन्याचा पहिला सोमवार) अर्ज दिलेला असावा. प्रशासनाने काय उत्तर दिलं हे हातात नसताना आमदाराचं पत्र नेलं, तर ते पत्र पुन्हा त्याच टेबलावर जाऊन बसतं.

आता सर्वांत दमदार सेवा: तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं असा सदस्याचा प्रश्न. नागरिकाला तो थेट विचारता येत नाही, पण मसुदा आयता दिला तर आमदाराचं अर्धं काम होतं, आणि अधिवेशनाच्या तोंडावर पीएला हेच हवं असतं. मसुदा विधिमंडळाच्या साच्यातच लिहायचा. उदाहरणार्थ: '(१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन्ही पदे रिक्त असल्याचे माहे सप्टेंबरमध्ये वा त्या सुमारास निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुसार पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

भाषा जुनाट वाटेल, पण ती उगाच तशी नाही. 'वा त्या सुमारास' नसेल तर तारीख एका दिवसाने चुकली तरी 'हे खरे नाही' असं छापील उत्तर येतं आणि पुढच्या तिन्ही भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' लागतं. याच कारणाने पहिल्या भागात दोन-तीन दावे एकत्र कोंबू नयेत. त्यातला एक कच्चा निघाला की 'अंशतः खरे आहे' म्हणून खातं मोकळं होतं, आणि अंशतः म्हणजे कोणता अंश हे विचारायची संधी प्रश्न सभागृहात पुकारला गेला तरच मिळते. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर प्रश्न अध्यक्षांच्या दालनातच गळतो. 'शासनाचे मत काय' अशा प्रश्नाचंही तेच होतं.

पुरावा माहिती अधिकारातून गोळा करावा, आणि इथेच बहुतेकांचं वेळापत्रक कोसळतं. हिवाळी अधिवेशन नागपूरला साधारण डिसेंबरात भरतं, प्रश्नांच्या सूचना त्याच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. माहिती अधिकाराला ३० दिवस लागतात, उत्तर टाळलं तर पहिल्या अपिलाला आणखी ३० ते ४५. म्हणजे अर्ज जुलै-ऑगस्टलाच पडायला हवा. अर्जाचं शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या तारखेपासून रिक्त, हे तीन आकडे मागा.

तुमचा आमदार मंत्री असेल तर ही वाट बंद, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. मग काय? पदवीधर असाल तर विधान परिषदेत तुमचा आणखी एक प्रतिनिधी बसलेला असतो. ७ जागा पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या आहेत. पदवीधर आमदाराकडे गटारीची आणि पाण्याच्या टाकीची गर्दी कमी असते, त्यामुळे धोरणाचा विषय तिथे जास्त नीट ऐकला जातो. शिवाय एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं येऊ शकतात. तोच मसुदा सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या चार सदस्यांना द्या, आणि इतरांनाही दिलाय हे प्रत्येकाला सांगा. लपवलं तर उगाच मानापमान होतो.

विषय तातडीचा असेल, पूल खचला किंवा साथ पसरली, तर प्रश्नाची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे विधानसभेत नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना. निवेदन मंत्री स्वतः करतात, त्यामुळे वजन जास्त. पण कोणती घ्यायची हे अध्यक्ष ठरवतात, म्हणून खात्री कमी. मसुदा दहा ओळींचा ठेवा आणि त्यात तातडी दिसू द्या. औचित्याचा मुद्दा, म्हणजे सदस्याने सभागृहात विषयाचा नुसता उल्लेख करणं, मात्र अगदीच पातळ: बातमी होते, उत्तराची हमी नाही.

या सगळ्यातून मिळवायचं असतं ते मंत्र्याचं सभागृहातलं आश्वासन. 'तपासून पाहू' हे आश्वासन असलं तरी ढिलं. 'तीन महिन्यांत पदं भरू' हे पक्कं. अशी आश्वासनं आश्वासन समितीकडे नोंदली जातात आणि ९० दिवसांत पूर्तता अपेक्षित असते. प्रत्यक्षात मुदतवाढी घेतल्या जातात, पण मुदत उलटल्यावर तारखेसह आठवण देणारं पत्र सदस्याच्या लेटरहेडवर गेलं की खात्याला काहीतरी लिहून द्यावंच लागतं. आमच्या मते नागरिकांकडून सर्वांत दुर्लक्षित राहिलेली सोय हीच. भाषणाच्या चित्रफिती फिरवण्यापेक्षा ते एक वाक्य सभागृहाच्या कार्यवाहीच्या नोंदीतून उतरवून ठेवा.

निधीचं सोपं आहे. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. आमदार शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. जागेचा सातबारा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि कामाचं अंदाजपत्रक एका फायलीत द्या. काम अडतं ते जागेवर. ती सार्वजनिक मालकीची नसेल तर फाइल तिथेच थांबते.

कायदा बदलायचा असेल तेव्हा अपेक्षा बदला. 'तुम्ही विधेयकाच्या विरोधात मत द्या' असं सत्ताधारी आमदाराला सांगणं वाया जातं. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीमुळे पक्षादेश (व्हिप) मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. कलमनिहाय दुरुस्ती मागा. ती जागा म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची संयुक्त समिती. शहरी नक्षलवादाविरुद्धचं म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर होताना बदल मोजकेच झाले. उदाहरणार्थ, विधेयकाच्या उद्देशातला 'व्यक्ती आणि संघटना' हा मोघम रोख बदलला, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. यावरून सेवेची कुवत कळते. विधेयक मागे घ्या म्हणणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. ज्यांनी कलम, सध्याचा शब्द, हवा असलेला शब्द आणि एका ओळीत कारण असं मागितलं, त्यांच्या मागणीला जागा होती. एकाच मजकुराच्या हजार प्रती पाठवल्या तर समितीपुढे मुद्दा एकच जातो.

विनंती अर्ज समितीचीही वाट आहे. अर्ज सदस्यामार्फत सादर होतो. ती संथ आहे, पण साक्षीला थेट सचिव बोलावले जातात. गावोगावचा सारखाच प्रश्न असेल तरच तिकडे जावं.

राहिला मोर्चा. नागपुरात अधिवेशनाच्या दिवसांत झिरो माइल, टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट इथे मोर्चे अडवले जातात आणि शिष्टमंडळाला मंत्र्यांकडे नेलं जातं. दोन हजार माणसं आणून त्या दहा मिनिटांसाठी कागद तयार नसणं हा नेहमीचा घोळ. आत जाणाऱ्या पाच जणांत एक तरी आकडे तोंडपाठ असलेला हवा, आणि मंत्र्यांनी निवेदनावर शेरा मारला तर तो मंत्रालयातल्या कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) जातोय ते तिथेच विचारून घ्यावं. शेरा मारलेल्या कागदाची छायाप्रत काढल्याशिवाय मूळ प्रत हातची सोडू नये.